ऑइल बदललं की चार दिवसांत परत ठिबक सुरू: जुन्या फोक्सवॅगन कॅम्परची कायमची कटकट

प्रॉब्लेम सगळ्यांचा एकच आहे. ऑइल बदललं, इंजिनच्या पोटाखालच्या प्लेटला नवीन गॅस्केट टाकलं, तिचे सहाच्या सहा नट आवळले, खाली पुठ्ठा टाकून बघितलं तर रात्रभर एक थेंब नाही. मग एक लांबची चक्कर होते, इंजिन चांगलं सणसणीत तापतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. मग माणूस काय करतो तर गाडीखाली सरपटत जातो आणि नट अजून थोडे आवळतो. ठिबक वाढते. अजून आवळतो. पुढच्या वेळी ऑइल बदलताना दोन नट नुसतेच गोल फिरतात कारण आटे गेलेले असतात, आणि मग मला फोन येतो की गॅस्केट कुठल्या कंपनीचं चांगलं.

गॅस्केट कुठलंही घ्या हो, शंभरात नव्वद वेळा दोष गॅस्केटचा नसतोच.

हे सगळं मी लिहितेय ते टी २ साठी, म्हणजे १९६७ ते १९७९ मधली जर्मनीत बनलेली ती मोठ्या एकसंध काचेची बस, आणि त्यातही १६०० चं एअर कूल्ड इंजिन असलेली. इथे इंग्लंडात आपल्या मराठी घरांतही या गाड्या हळूहळू शिरल्यात, उन्हाळ्यात वेल्सला नाहीतर कॉर्नवॉलला जायचं, मागच्या पलंगावर पोरं झोपवायची, सकाळी गॅसवर चहा आणि पोहे. गाडी चाळीस वर्षांच्या वरची झाली की इथे एमओटीतूनही, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतूनही, सूट मिळते, २०१८ पासून, फक्त गाडीत मोठे बदल केलेले नसावेत. पण त्यामुळे होतं काय की वर्षातून एकदा तरी कोणीतरी परका माणूस खालून बघायचा तेही बंद झालं. मग खालची गळती आपली आपणच शोधायची.

आधी रचना समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या इंजिनाला आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखा ऑइल फिल्टर नाहीच. खाली पोटाला एक गोल जाळी आहे, तिच्यावर एक पत्र्याची गोल प्लेट, आणि ती सहा बारीक ६ मिमीच्या स्टडवर, म्हणजे केसिंगमध्ये रोवलेल्या आट्यांच्या सळ्यांवर, बसते. जाळीच्या वर एक कागदी गॅस्केट, खाली एक, आणि प्रत्येक नटाखाली तांब्याचा वायसर. नट पण साधे नाहीत, टोपीचे आहेत, म्हणजे एका बाजूने बंद. ते शोभेसाठी नाहीत, स्टडची भोकं आतपर्यंत आरपार असू शकतात, त्यामुळे ऑइल आट्यांमधून उतरत खाली येतं आणि ते अडवायचं काम टोपी आणि तांब्याचा वायसर दोघं मिळून करतात. कोणी गॅरेजवाल्याने साधे नट आणि लोखंडी वायसर लावून दिले असतील तर तुमची गळती तिथेच सापडली, पुढचं वाचायची पण गरज नाही.

आता जे कोणी ऐकायला तयार नसतं ते. या नटांना आवळायचं आहे फक्त ७ न्यूटन मीटर. सात! चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क रेंच एवढ्या खाली नीट मोजतच नाही, तो टकटक करायच्या आत स्टड हातात येईल. स्क्रूड्रायव्हरसारख्या मुठीला १० चा सॉकेट लावा आणि मनगटाने आवळा, खांद्याने नाही. इंजिनचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, हलकं आणि मऊ, त्यातून पोलादी स्टड ओढून काढायला फार ताकद लागत नाही. जास्त आवळलं की दोन गोष्टी होतात. एक तर स्टड हळूहळू बाहेर येतो, आणि दुसरं म्हणजे प्लेट भोकांपाशी वर दाबली जाऊन दोन भोकांच्या मधला भाग खाली फुगतो, तिथे गॅस्केटवर दाबच राहत नाही आणि ऑइल नेमकं तिथूनच येतं. म्हणजे गळती थांबवायला आवळलं आणि आवळल्यामुळेच गळती. हे चक्र तोडायचं असेल तर प्लेट काढून काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथी ठेवून बघा, भोकांभोवती उंचवटे असतील तर प्लेट डुगडुगते. सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकून सरळ करता येते, फार वाकली असेल तर नवीन घ्या, महाग नाहीये.

प्लेट सपाट आहे, गॅस्केट नवीन आहे, तरी येतंय? मग टोपी नट बघा. टोपी बंद असल्यामुळे स्टड जर गरजेपेक्षा जास्त बाहेर आलेला असेल तर नटाचा तळ स्टडच्या टोकाला आधी टेकतो आणि प्लेट दाबली जातच नाही. हाताला मात्र वाटतं की नट मस्त घट्ट बसला. ओळखायची खूण सोपी आहे, नट पूर्ण आवळल्यावर त्याच्याखालचा तांब्याचा वायसर बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलून बघा, तो जर गोल फिरला तर नट स्टडला टेकलाय, प्लेटला नाही. हे होतं कारण नट काढताना बऱ्याचदा नटाबरोबर स्टडच उलटा फिरून थोडा बाहेर येतो आणि परत लावताना कोणी तो आत फिरवत नाही. स्टडवर दोन साधे नट एकमेकांवर लॉक करून स्टड परत आत फिरवायचा, केसिंगकडच्या आट्यांना थोडं थ्रेड सीलंट लावायचं, झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं गॅस्केटं बदलत बसतात.

आणि आटेच गेले असतील तर त्या भोकात ८ मिमीचे आटे पाडून एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ६ असे पायरीचे स्टड मिळतात, ते बसवायचे. हे घरी होतं, पण गाडीखाली उताणं पडून सरळ टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारणं म्हणजे कसरत आहे, आणि भुकटी आत जाऊ नये म्हणून टॅपला भरपूर ग्रीस फासावं लागतं. हात बसलेला नसेल तर कोणाकडून तरी करून घ्या.

ऑइल बदलायची पद्धत आता थोडक्यात सांगते, कारण अर्धी गळती त्या दिवशीच्या घाईत तयार होते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना अडणी. ही बस उंच आहे, बारीक माणूस जॅक न लावता खाली जातो, त्यामुळे नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचा प्रकार बिलकुल करू नका. इंजिन कोमट हवं, कडक तापलेलं नको, एक्झॉस्ट तिथेच बाजूला असतो आणि हात भाजतो. प्लेटच्या मधोमध ड्रेन प्लग असेल तर तो १९ च्या पान्याने सोडा. नंतरच्या काही गाड्यांमध्ये हा मधला प्लगच नाही, तिथे सहा नट थोडे थोडे ढिले करून एका बाजूने ऑइल सोडावं लागतं आणि ते हमखास बाहीतून कोपरापर्यंत जातं. जुना शर्ट घाला, एवढंच सांगेन.

ऑइल निघाल्यावर लोक लगेच प्लेट बसवायला घेतात. थांबा की. वरून अजून अर्धा तास तरी थेंब थेंब येत राहतं आणि ते सगळं गॅस्केट बसायच्या कडेवर येतं. तेवढ्यात चहा घ्या, जाळी रॉकेलमध्ये धुवा, जुन्या गॅस्केटचे कण खरवडून काढा. खरवडायला लाकडाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी, स्टीलचं पातं नको, त्या मऊ धातूवर ओरखडा पडला की तो ओरखडा म्हणजे ऑइलला खास बनवून दिलेली वाट. मग बिनलव्याच्या फडक्याने दोन्ही कडा पुसून कोरड्या करा आणि गॅस्केट कोरडंच बसवा, फार तर ग्रीसचा नुसता हात. सिलिकॉन अजिबात नको! मला माहितीये दुकानात लाल ट्यूब बघून मोह होतो, पण दाबल्यावर आतल्या बाजूला जो सिलिकॉनचा कड येतो तो सुटून जाळीला चिकटतो, आणि या इंजिनात ऑइल पंपाच्या आधी ती एक जाळीच आहे.

जाळीच्या मधल्या भोकात आतून आलेला सक्शन पाइप घट्ट बसला पाहिजे. तिथे सैल असेल तर गळती होत नाही पण वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतो, कारण पंप हवा ओढतो. बाजारात मिळणाऱ्या काही जाळ्यांचं भोक मोठं असतं, त्यामुळे जुनी जाळी फाटली नसेल तर तीच धुऊन वापरा. धुताना तळाशी काय आहे ते पण बघून घ्या. काळा चिखल असेल तर काळजी नाही, लोहचुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण दिसले तर बेअरिंगकडे लक्ष द्यायची वेळ आली.

ड्रेन प्लगला मॅन्युअल या नटांपेक्षा बराच जास्त टॉर्क सांगतं. तो प्लेटच्या आट्यांत बसतो, केसिंगच्या नाही, म्हणून एवढं चालतं, तरी जुन्या प्लेटला मी जरा कमीच आवळते आणि वायसर दर वेळी नवा टाकते. आणि आधी सहा नट, मग प्लग.

भरायचं किती? अडीच लिटर. बस्स. इथे ऑइल मिळतं पाच लिटरच्या कॅनमध्ये, म्हणजे एक कॅन दोन वेळा. पण आधुनिक गाडीची सवय असलेला माणूस चार लिटर ओततो आणि मग म्हणतो की सगळीकडून गळतंय. गळणारच, जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, आतला दाब वाढतो आणि जिथे सील म्हातारं झालंय तिथून बाहेर पडतं. दोन लिटर भरून थांबा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग उरलेलं थोडं थोडं. मग इंजिन चालू करून दिवा विझतोय ना बघा, बंद करा, परत पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक. कॅम्पसाइटवर उतारावर लावलेल्या गाडीची डिपस्टिक बघून टॉप-अप करणारे पण आहेत, त्यांना काय बोलणार.

ग्रेड म्हणाल तर मी साधं मिनरल २० डब्ल्यू ५० वापरते, इथे क्लासिक गाड्यांसाठी म्हणून सहज मिळतं. जुन्या मॅन्युअलमध्ये हवामानाप्रमाणे एसएई ३० वगैरे दिलंय तेही चालतं. पातळ सिंथेटिक घालू नका, पन्नास वर्षांच्या सीलमधून ते जास्त लवकर वाट काढतं. आणि फिल्टर नसल्यामुळे दर ५००० किलोमीटरला बदलायचंच, तेवढं चालत नसेल तर वर्षातून एकदा तरी, त्यात काटकसर नको.

आता दुसरी अर्धी गोष्ट, आणि खरं तर मोठी. बऱ्याच गाड्यांमध्ये प्लेट गळतच नसते! प्लेट इंजिनच्या सगळ्यात खालच्या जागी आहे, वरून कुठूनही ऑइल आलं की ते केसिंगवरून ओघळत शेवटी प्लेटच्या कडेला जमतं आणि तिथून टपकतं. चालत्या गाडीत खालचा वारा ते अजून मागे पसरवतो. त्यामुळे डाग कुठे पडला यावरून काही ठरवू नका. इंजिनची खालची बाजू डीग्रीजरने धुवा, वाळू द्या, मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर उडवा, गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली जा. पावडर जिथे आधी ओली झाली, सगळ्यात वरची ओली जागा, ती खरी जागा. यूव्ही डाय टाकून निळ्या टॉर्चने बघणारे पण आहेत, पण माझं काम पावडरीवर भागतं.

ऑइल बदलल्यावरच गळायला लागतं अशी तक्रार असेल तर पहिला संशय रॉकर कव्हरवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरच्या झाकणावर. का? कारण त्याच दिवशी बहुतेक जण व्हॉल्व्हची गॅप पण सेट करतात, इंजिन गार असताना ०.१५ मिमी, आणि त्यासाठी दोन्ही बाजूची रॉकर कव्हरं उघडतात. मग जुनंच कॉर्कचं गॅस्केट परत दाबून बसवतात. कॉर्क एकदा तापून दबला की परत फुगत नाही. नवीन घ्या, कव्हरच्या बाजूला ॲडहेसिव्हने चिकटवा, हेडच्या बाजूला थोडं ग्रीस, आणि मूळच्या स्प्रिंगच्या तारेनेच बसवा. ती चमचमणारी बोल्टवाली ॲल्युमिनियमची कव्हरं दिसायला भारी आहेत पण माझ्या मते मूळच्या पत्र्याच्या कव्हराइतकं चांगलं काही बसत नाही. यावर भांडायला येऊ शकता.

रॉकर कव्हर कोरडं असेल तर त्याच्या आतल्या बाजूला, सिलिंडरच्या खाली, चार चार पुशरॉड ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या नळ्या, आहेत प्रत्येक बाजूला. दोन्ही टोकांना नालीदार, आणि टोकांना रबरी सील. ही सीलं उष्णतेने कडक होतात. इथली गळती कशी ओळखायची तर हीटर चालू केला की केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो, कारण खाली केबिनसाठी हवा तापवणारा हीट एक्स्चेंजर आहे आणि थेंब बरोबर त्याच्यावर पडतात. हा वास आला तर हीटर बंद ठेवा, ज्या गाडीत पोरं झोपतात तिथे हे चालवून घ्यायचं नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तसाही गाडीत हवाच. मूळच्या ट्यूब बदलायला हेड काढावं लागतं, पण स्प्रिंगवाल्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या ट्यूब मिळतात, त्या रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड काढून जागेवरच बसवता येतात. मूळच्या ट्यूब परत बसवणार असाल तर जोडाची शिवण वरच्या बाजूला ठेवा.

डिस्ट्रिब्यूटरजवळचा ऑइल प्रेशर स्विच पण बघा, त्याच्या प्लॅस्टिकच्या भागातून ऑइल झिरपतं. स्वस्तातला पार्ट, पण त्याचे आटे निमुळते असतात, जोर लावला तर केसिंगला चीर जाते, तिथे पण मनगटच.

एक वेगळी केस. थंडीत छोट्या छोट्या चकरा मारणाऱ्यांना ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट-पिवळट साय दिसते आणि ते घाबरून म्हणतात हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये आलं. अहो या इंजिनात पाणीच नाही! तो नुसता दमटपणा आहे, एक लांब ड्राइव्ह झाली की जातो. पण ती साय ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या, पाइपमध्ये साठून तो तुंबला तर मात्र आतला दाब बाहेर जायला जागा राहत नाही आणि मग एकाच वेळी सगळ्या सीलमधून पाझर सुरू होतो. चारी बाजूंनी थोडं थोडं गळतंय असं दिसलं तर कुठलंही गॅस्केट बदलायच्या आधी हा पाइप काढून त्यातून फुंकर मारून बघा.

आणि डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ झालं असेल, वास पेट्रोलचा येत असेल तर गाडी चालवणं तिथल्या तिथे थांबवा. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ इंजिनच्या पोटात उतरतं. पातळ ऑइल गळतंही जास्त आणि बेअरिंगही खातं, शिवाय आगीची भीती. पंप दुरुस्त करा, ऑइल परत पूर्ण बदला, कालच बदललं असलं तरी.

जळकं ऑइल गावाकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला चोपडतात, ते इथे कुंपणाला वगैरे करू नका. त्याच कॅनमध्ये परत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला नेऊन द्या, तिथे इंजिन ऑइलची वेगळी टाकी असते. गटारात ओतणं गुन्हा आहे.

हे सगळं तपासून झालं आणि तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, म्हणजे गाडीच्या पुढच्या दिशेच्या टोकाकडून थेंब येतोय, तर आधी बोटावर घेऊन वास घ्या. उग्र, गंधकासारखा वास म्हणजे गिअर ऑइल, तो विषय वेगळा. इंजिन ऑइल असेल तर फ्लायव्हीलच्या मागचं मोठं सील गेलंय आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. पण नुसतं सील बदलून परत चढवू नका. इंजिन बंद असताना मागची क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलून बघा, स्पष्ट खटखट जाणवली तर एंड प्ले, म्हणजे क्रँकची पुढे-मागे सरकायची मोकळीक, वाढलाय. तो ०.०७ ते ०.१३ मिमीच्या मध्ये हवा, ०.१५ च्या वर गेला की नवीन सील पण थोड्याच दिवसांत जाणार. इंजिन खाली आहे तोवर फ्लायव्हीलमागच्या शिम (पातळ चकत्या) बदलून तो बसवून घ्या, गॅरेजवाल्याला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे तो परत उघडायचे पैसे मागणार नाही.

१७००, १८०० किंवा २००० चं चपटं इंजिन असेल तर वरचं गळती शोधायचं तंत्र तेच, पण आकडे घेऊ नका. त्यात फिरवून लावायचा फिल्टर आहे, ऑइल फिल्टरसकट साडेतीन लिटर लागतं, आणि जाळीची प्लेट सहा नटांऐवजी मधल्या एकाच बोल्टवर असते. तो बोल्ट दिसायला दणकट ड्रेन प्लगसारखा, आणि लोक तो तसाच आवळतात, मग केसिंग फुटतं. ड्रेन प्लग त्याच्या बाजूला वेगळा आहे, ऑइल सोडताना तोच सोडा.